दादाचे बटाटे आणि जाऊबाईंची सही

दुपारी सगळं आटोपलं की मी वहीत चार ओळी लिहिते. वर देवाचं नाव, खाली दिवसभरात काय झालं ते. बहुतेक वेळा दूध उतू गेलं, पाहुणे आले, गुडघा दुखला असलंच काहीतरी असतं. पण या वर्षी माझ्या वहीत आमच्या मोठ्या जाऊबाई इतक्या वेळा आल्या, की त्यांच्याबद्दल एकदा सलग लिहावं असं वाटलं. त्या हे वाचतील की नाही ठाऊक नाही. वाचलंच तर आधी चुका काढतील.

जाऊबाई सरकारी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडारपाल आहेत. तिथे त्यांना सगळे स्टोअरबाई म्हणतात. रोग्यांच्या जेवणाला लागणारं सगळं सामान, भाजीपासून मिठापर्यंत, त्यांनी घ्यायचं, तपासायचं आणि आचाऱ्याला मोजून द्यायचं. त्यांची खोली म्हणजे स्वयंपाकघरामागची एक लांबट जागा. दाराशी वजनकाटा, भिंतीला लाकडी फळ्या, वर उंचावर जाळीची खिडकी. तिथे कांद्याचा, ओल्या गोणपाटाचा आणि फिनेलचा मिळून एक वास असतो. त्या घरी आल्या की त्यांच्या पर्सलाही तोच येतो.

मी देवधर्म करणारी बाई. त्यांचं तसं फारसं नाही. मी प्रार्थनेला बसले की त्या भांडी वाजवणार नाहीत, एवढा मान ठेवतात. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणतात, "आपल्या घरात दोन देव. धाकटीचा भिंतीवर, थोरलीचा वजनकाट्यावर. भिंतीवरचा निदान माफ तरी करतो."

भाऊजींचं बोलणं थट्टेचं असलं तरी खोटं नाही. एकदा एका भाजीवाल्याने आमच्या घरी कोबीचे दोन गड्डे पाठवून दिले. पाठवणाऱ्याच्या मनात काही नसेलही. पण जाऊबाई ते दोन गड्डे मांडीवर घेऊन बसने परत द्यायला निघाल्या. शेजारच्या बाईने विचारलं, "कितीला मिळाले हो?"

"घरी ठेवले असते तर महाग पडले असते," त्या म्हणाल्या. त्या बाईला काय कळलं असेल देव जाणे.

आता नियमाबद्दल लिहायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. सरकारी पैशातून जे जेवण शिजतं, त्यातला वजनाने निम्मा तरी माल त्याच जिल्ह्यात पिकलेला असावा, असा नियम आहे. तसं असेल तर रुग्णालयाला थेट शेतकऱ्यांकडून माल घेता येतो. दर तीन महिन्यांनी अहवाल पाठवावा लागतो: काय घेतलं, कुणाकडून घेतलं, कुठल्या शेतातलं. इथला माल निम्म्याखाली गेला तर थेट खरेदी बंद, मग सगळं सामान मोठ्या ठेकेदाराच्या ट्रकने येणार.

हा ठेकेदार तसा गोड बोलणारा माणूस. तो जाऊबाईंना म्हणाला होता, "बाई, माझं दुकान इथलं, मी इथला, माझा बाप इथला. मग माल परका कसा?"

"तुम्ही आपलेच आहात," जाऊबाई म्हणाल्या. "तुमचं फ्लॉवर मात्र तीन दिवस प्रवास करून आलंय. त्याला आधी बसू द्या."

नुसतं सांगितलं म्हणून त्यांनी कधी कुणाचा माल इथला लिहिला नाही. वर्षातून एकदा तरी त्या प्रत्येक शेतावर जाऊन येत. पालेभाजीवाल्या नवराबायकोच्या वाफ्यात उभ्या राहत. अंडीवाल्या मावशींच्या खुराड्यात वाकून पाहत. या मावशी एकट्या राहतात, मुलगी शिकते आहे, आणि त्यांची जवळजवळ सगळी अंडी रुग्णालयात जातात. त्या जाऊबाईंना म्हणायच्या, "कोंबड्यांचीही सही घेऊन जा एकदा."

बटाटे पुरवायचा तो माझा सख्खा थोरला भाऊ. आमचा दादा. खाऊनपिऊन सुखी, आवाज मोठा, आणि बटाट्याच्या बाबतीत तर विचारूच नका. घरी आलेल्या पाहुण्याला आधी बटाटा दाखवणार, मग पाणी विचारणार. त्याचे बटाटे घ्यायचे ठरले ते रुग्णालयाच्या खरेदी समितीने भाव आणि माल पाहून, पण अहवालात एक रकाना होता, पुरवठादार नात्यातला असल्यास नातं लिहावं. छापील यादीत भाऊ, मेहुणा, जावई सगळे होते, जावेचा भाऊ नव्हता. जाऊबाईंनी समासात पेनने लिहिलं, जावेचा भाऊ.

दादा म्हणाला, "एवढं लिहिलंत तर बटाटे एक नंबर आहेत हेही लिहा."

"त्याला रकाना नाही."

असं सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडलं ते आचाऱ्याच्या तक्रारीवरून. रुग्णालयाचे मुख्य आचारी फार वर्षांचे, पोट सुटलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते एक दिवस हातात झारा घेऊनच भांडारात आले. मी तेव्हा जाऊबाईंचा विसरलेला डबा द्यायला गेले होते.

"बाई, या बटाट्यांचं माझ्याशी काय वैर आहे? एका पोत्यातले हात लावला की पीठ होतात. दुसऱ्यातले तासभर उकळले तरी दगड. एकाच घरचे ना हे?"

"एकाच शेतातले," जाऊबाई म्हणाल्या.

"मग भाऊबंदकी असेल," असं म्हणून मामा गेले.

मी हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पोत्यांतला एकेक बटाटा घेतला, खिडकीखाली जाऊन सालीवरून अंगठा फिरवला, आणि मला म्हणाल्या, "दादा बटाटे ठेवतात कुठे गं?"

"कोल्ड स्टोरेजमध्ये. सगळेच ठेवतात."

"मी शेत पाहिलंय," त्या म्हणाल्या. "ते नाही पाहिलं."

पुढच्या रविवारी दादाने आम्हा दोघींना टेम्पोत बसवून तिथे नेलं. तो अगदी खुशीत होता. आपलं काहीतरी दाखवायला मिळतंय म्हटल्यावर तो असाच असतो. कोल्ड स्टोरेज म्हणजे बिनखिडकीची मोठी इमारत, आत जाड दार, आणि दारामागे हाडं गोठवणारी थंडी. तिथले व्यवस्थापक कानटोपी आणि दोन स्वेटर घालून बसले होते. जाऊबाई साध्या कपड्यांत गेल्या होत्या. दातावर दात आपटायला लागले तरी बाहेर यायचं नाव घेईनात. पोती छतापर्यंत रचलेली. तेवढ्यात एका शेतकऱ्याचा माणूस पावती घेऊन आला. हमालाने दाराजवळची पोती उचलली, वजन केलं, टेम्पोत टाकली.

"ही त्यांचीच पोती का?" जाऊबाईंनी विचारलं.

व्यवस्थापकांना प्रश्नच कळला नाही. "वजन बरोबर आहे की."

"वजन नाही. बटाटे."

"अहो बाई, इथे जिल्ह्यातला माल येतो, बाहेरचे ट्रक येतात, रेल्वेने पार लांबून येतो. जेवढं ठेवाल तेवढं मिळेल, जातवार, आकारवार. तुम्ही बँकेत पैसे ठेवता, तर तुमचीच नोट परत मागता का?"

दादा खो खो हसला. "बरोबर आहे! लाख बोललात!"

जाऊबाई वळल्या. बाहेर आल्या आणि उन्हात हात चोळत उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता काहीतरी निघणार.

निघालं ते टेम्पोत. त्या मधे बसल्या होत्या, दादा चालवत होता, मी दाराशी.

"दादा, काढणीनंतरचे थोडे दिवस सोडले तर वर्षभर तुम्ही आम्हाला दिलेत ते बटाटे कुणाचे हे कुणालाच माहीत नाही."

"माझे! कुणाचे म्हणजे?"

"तुमचे कुणीतरी दुसऱ्यांनीच खाल्ले. आमच्या रोग्यांनी खाल्ले ते कुठून आलेले होते, देव जाणे. मी मात्र तुमच्या शेतातले म्हणून लिहून दिलंय."

"अहो ताई, बटाट्याच्या अंगावर काय नाव लिहिलेलं असतं?"

"नसतं. म्हणून तर खाली माझी सही घेतात."

दादाने गाडी बाजूलाच घेतली. तो चिडला की त्याला दोन कामं एकदम जमत नाहीत. "मग काय करणार तुम्ही?"

"दुरुस्ती पाठवणार."

"पाठवा. बटाटे वजा करा आणि बघा काय उरतं ते. निम्म्याच्या खाली जाल. उद्या त्या ठेकेदाराचा ट्रक तुमच्या दारात उभा राहील. त्या अंडीवाल्या मावशींच्या पोटावर पाय येईल, तो कुणाचा? माझा नाही."

जाऊबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. बटाटा हेच त्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात वजनदार सामान. तो गेला की हिशेब कोलमडणार हे त्यांना त्या थंडीतच कळलेलं होतं. गाडी पुन्हा सुरू झाली. दादाने आम्हाला दाराशी सोडलं आणि चहालाही न थांबता गेला. माझा भाऊ माझ्या घरचा चहा टाळून गेला, असं आजवर कधी झालं नव्हतं.

घरी भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, पण दादाने जेवढे दिले तेवढे त्याने पिकवले होतेच ना? तुझ्या सहीने बटाटा इथला झाला तर कुणाच्या ताटात माती पडली?"

"अहो, मग ठेकेदारही उद्या तेच म्हणेल. 'मीही इथे तेवढं पिकवून घेतलंय, फक्त बदलून आलंय.' त्याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? त्याच्या फ्लॉवरला एक नियम आणि जावेच्या भावाच्या बटाट्याला दुसरा?"

"आणि मावशी?"

जाऊबाई ताटातला घास तसाच हातात धरून बसल्या. "तेच तर," एवढंच म्हणाल्या.

एकीकडे भाऊ, दुसरीकडे जाऊ. मी देवापुढे बसले, पण काय मागावं ते सुचेना. दादाचं मन राहू दे म्हणावं तर जाऊबाईंचं मोडायला हवं. शेवटी, मावशींची अंडी चालू राहू देत, एवढंच मागितलं. त्यात कुणाची बाजू घेतल्यासारखं होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई दुरुस्तीचं पत्र घेऊन रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर भला माणूस. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"तुम्हाला खात्री आहे?"

"बटाट्यांची नाही, साहेब. म्हणूनच."

डॉक्टरांनी सही केली आणि विचारलं, आता पुढे काय. जाऊबाईंनी नियम आधीच पाहून ठेवला होता. चूक आपणहून कळवली तर पुढच्या अहवालापर्यंत मुदत मिळते. तेवढ्या मुदतीत इथला माल निम्म्यावर आणून दाखवायचा. मग तपासणी होणार आणि थेट खरेदी राहायची की जायची ते ठरणार. बटाट्याचं नवं पीक निघायला अजून वेळ होता. त्या दिवसांत जिल्ह्यात भरपूर, वजनदार आणि कोल्ड स्टोरेजशिवाय टिकणारं असं एकच पीक होतं.

भोपळा.

आलटून पालटून तीन शेतांतले लाल भोपळे यायला लागले. भांडारातल्या फळ्यांवर ते ओळीने बसले, जणू बैठकीला आलेली मंडळी. मामा आचारी कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, या वॉर्डात माणूस आजाराने जाणार नाही, भोपळ्याने जाईल."

"तुम्ही शिजवाल तर नाही जाणार."

या एका वाक्याने मामा अडकले. स्तुतीपुढे ते नेहमीच अडकतात. पण एकच एक भाजी रोज कोण खाणार? म्हणून जाऊबाईंनी आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी आणि त्या रोज काहीतरी करून पाहायचो. भोपळा किसून कणकेत, भोपळ्याचं सूप, भातात, अंड्यात फेटून, गूळ घालून, मिरी घालून, साल न काढता, साल काढून. जे जमेल ते दुसऱ्या दिवशी मामांकडे. जे जमणार नाही ते आमच्याच ताटात. आमचे हे निमूटपणे खायचे. भाऊजी दारातूनच म्हणायचे, "आज काय आहे? नको, सांगू नकोस, वासावरून कळलं." रुग्णालयात तोवर स्टोअरबाईंची भोपळाबाई झाली होती. पाय मोडून पडलेले एक आजोबा त्यांना बघितलं की चादर तोंडावर ओढून घेत. अंड्यात फेटलेला भोपळा मात्र लोकांना खरंच आवडला, आणि त्यामुळे मावशींची अंडी पहिल्यापेक्षा जास्त लागायला लागली. मी देवाला मनातून नमस्कार केला.

दादा मात्र फिरकला नाही. जाऊबाईंनी त्याला निरोप पाठवला होता, की नवं पीक कोल्ड स्टोरेजमध्ये वेगळं ठेवायची सोय होत असेल तर बघा. दादाने उलट निरोप धाडला, की तिथे कुणापुढे हात जोडायला मी रिकामा नाही.

शेवटी मीच माहेरी गेले. दादा घुम्यासारखा बसला होता. वहिनीने जेवायला वाढलं. बटाट्याची भाजी होतीच. दादाने पहिला घास घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. मग वहिनीकडे बघून म्हणाला, "हे आपले?"

"कोल्ड स्टोरेजमधून आणलेले. नेहमीचेच."

"नेहमीचेच म्हणजे?"

"म्हणजे काय? इतकी वर्षं आपण वर्षभर तेच तर खातोय." वहिनी पाणी ओतता ओतता म्हणाली. "मी तुम्हाला एकदा म्हटलंही होतं, हे आपले नाही लागत. तर तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

दादा ताटाकडे बघत राहिला. मला वाटलं आता ओरडणार. पण तो हळूच म्हणाला, "पाहुण्यांना बोलावून बोलावून मी दुसऱ्याच्याच बटाट्याची फुशारकी मारली म्हणायची." वहिनीने तोंड फिरवून हसू लपवलं. मला ते लपवता आलं नाही.

त्या जेवणानंतर दादा जो उठला तो थेट कोल्ड स्टोरेजला. त्या कानटोपीवाल्या व्यवस्थापकांशी त्याचं काय काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांत कळलं. एकटा गेला तेव्हा त्यांनी दारातही उभं केलं नाही. मग त्याने गावातले आणखी बटाटेवाले बरोबर नेले. आमच्याही घरी दुसऱ्याचेच बटाटे शिजतात का, या एका प्रश्नावर सगळे पेटले होते. व्यवस्थापक म्हणाले, "जागा नाही." दादा म्हणाला, "करू." शेवटी आतला एक कोपरा या सगळ्यांनी स्वतः तारेची जाळी लावून वेगळा केला, आणि दादाची पोती निळ्या दोरीने शिवायची ठरली, बाकीच्यांची आपापल्या रंगाने.

मुदत संपायच्या आधी तपासणीसाठी बाई आल्या. तरुण, गंभीर, खांद्याला भली मोठी बॅग. त्यांनी सगळं पाहिलं. भोपळ्याच्या शेतांवर जाऊन आल्या, मावशींच्या खुराड्यात वाकल्या. मावशी म्हणे त्यांनाही कोंबड्यांच्या सहीचं बोलल्या. मग भांडारात स्टुलावर बसून त्यांनी जाऊबाईंना विचारलं, "हे दुरुस्तीचं पत्र तुम्ही का पाठवलंत?"

"तुमच्याच कागदावर दुरुस्तीचा रकाना आहे. मला वाटलं, आहे म्हणजे लोक भरत असतील."

तपासनीस बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "आजवर कुणी भरला नव्हता. तो भरून आला की पुढे काय करायचं, ते आम्हालाही वर विचारावं लागलं." मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाल्या, "आत्ता तुम्ही निम्म्याच्या वर आहात. पण भोपळे संपत आलेत. पुढे काय? तुमचा बटाटा परत कोल्ड स्टोरेजमध्येच जाणार असेल तर मला खरेदी चालू ठेवा असं लिहिता येणार नाही."

तारेच्या जाळीचं जाऊबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. दादाने मला शपथ घातली होती, की मी स्वतः सांगेन, तू तोंड उघडायचं नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हते, हे बरंच झालं. मला राहवलं नसतं.

जाऊबाई "बघते" म्हणाल्या, आणि तेवढ्यात मागच्या अंगणात टेम्पोचा हॉर्न वाजला. दादाच. नवं पीक, पहिली पोती, तोंडाशी निळी दोरी. त्याने एक पोतं स्वतः उचलून वजनकाट्यावर ठेवलं आणि बिगारी असल्यासारखा बाजूला उभा राहिला.

"हे थेट शेतातून आलेत," तो म्हणाला. "आणि पुढचे आमच्या कोपऱ्यातून येतील. जाळी आहे, कुलूप आहे, दोरी आहे. या दोरीचं पोतं ज्याने ठेवलं त्यालाच मिळणार. त्या कानटोपीवाल्याकडून लिहून घेतलंय." मग जरा आवाज खाली आणून, "ताई, मी पण घरी लोकांचेच खात होतो."

मामा आचारी दारात आले होते. त्यांनी पोत्यातून एक बटाटा काढला, वास घेतला आणि थेट आत घेऊन गेले.

तपासनीस बाईंनी ते सगळं लिहून घेतलं. थेट खरेदी चालू राहिली. मावशी, पालेभाजीवाले, भोपळेवाले, सगळे राहिले. ठेकेदार भेटला तेव्हा म्हणाला, बाई, तुमच्या घरच्यांनाही सोडत नाही तुम्ही, मग मी कोण? आणि मला वाटतं त्याने हे अगदी मनापासून म्हटलं.

पण मला जे लिहून ठेवायचं होतं ते त्या अंगणातलं, दादाने मला नंतर घरी चहा पिता पिता सांगितलेलं. सगळे आनंदात होते. जाऊबाईंनी वजन लिहिलं, दोरी बोटांनी ओढून पाहिली, गाठ तपासली. त्यांचे डोळे भरून आले होते, असं दादा म्हणतो. मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "दादा, फार चांगलं केलंत. आता येत्या रविवारी मला तो कोपरा दाखवायला न्या. बघितल्याशिवाय लिहिता यायचं नाही."

दादा म्हणाला, "ठाऊक होतं मला. चला. पण या वेळी स्वेटर घ्या."